माझ्या नावापुढची टिक

नाना, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी तुमच्याबद्दल लिहिलं. भुसावळने लिहिलं, शिरपूरने लिहिलं, शेठनी स्वतः लिहिलं की जळगाव ऑफिसचा खांब गेला. हात जोडलेल्या चित्रांची रीघ लागली. धुळ्याहून तेवढं काही आलं नाही. लोक म्हणाले, ताईंना धक्का बसलाय, सावरल्या की लिहितील. तेव्हा ते खरंच होतं. आता सावरले आहे आणि लिहायला बसले आहे, पण हे ग्रुपवर टाकण्यासारखं नाही.

तुम्ही मला फसवलंत, नाना. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चांगलं काही बोलले तर ते तोंडदेखलं आहे असं तुम्हाला वाटणार नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. चिडलेल्या माणसाला पहिल्यापासूनच सांगावं लागतं. आपली ट्रान्सपोर्ट कंपनी जळगावची, मी धुळ्याच्या शाखेची प्रमुख, तुम्ही सगळ्यांचे संगणक सांभाळणारे. सर्व्हर तुमच्या खुर्चीमागच्या थंड खोलीत. आमच्या टेबलांवर नुसते संगणकाचे पडदे, त्यांत जळगाव दिसायचं. गाडीतल्या मालाची पावती, म्हणजे बिल्टी, आम्ही धुळ्यात टाईप करायची, ती तयार व्हायची जळगावच्या सर्व्हरवर आणि कागदावर उतरायची पुन्हा धुळ्याच्या प्रिंटरमधून. जेवण धुळ्यात आणि ढेकर जळगावात, असा तो कारभार. बिल्टी हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. ड्रायव्हर चहा पिऊन, टायरला लाथा मारून, शेवटी माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहतो, आणि हायवेवरच्या ड्रायव्हरचं तोंड काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

त्यात तो प्रिंटरच्या रांगेचा नियम. ज्याने कागद पाठवला त्यालाच तो मागे घेता येणार. दुसऱ्याचा कागद काढायचा तर फक्त तुम्ही. एकाची बिल्टी तोंडाशी अडकली की मागच्या सगळ्या ताटकळत. तो माणूस जागेवर असला तर ठीक, नाहीतर त्याला हुडकून आणा. आमच्या ऑफिसातल्या संजूच्या हळदीच्या दिवशीचं आठवतं ना? सकाळी घाईघाईत दोन बिल्ट्या टाकून तो मांडवात जाऊन बसला आणि त्याचीच पहिली बिल्टी अडकली. तुम्ही बोदवडला निघालेल्या गाडीत, फोनला रेंज नाही. शेवटी नवरदेवाला अंगभर हळदीसकट ऑफिसात आणला, त्याने पासवर्ड टाकला, कागद काढला आणि परत मांडवात जाऊन बसला. तो कीबोर्ड पुढे कित्येक दिवस पिवळा होता. तुम्ही हे ऐकून इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. मीही हसले. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत सुटायचे. आता तीच गोष्ट आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते.

एरवी मात्र तुम्ही फोन पहिल्या रिंगला उचलायचात. "थांबा ताई, बठ्ठं मोकळं करतो." मग सगळं मोकळं करायला माझ्या पडद्यावर तुमचा बाण फिरायला लागायचा. मी माउसवरून हात काढून घ्यायचे आणि तो बाण आपला आपण इकडून तिकडे जायचा, एकेक कागद पुसायचा. तेवढ्या वेळात तुम्ही विचारायचात, जेवलात का, डब्यात काय होतं, धुळ्यात ऊन कसं आहे. काम संपलं तरी बाण जरा वेळ तिथेच थांबायचा. मी म्हणायचे, "नाना, झालं ना, मग आता सोडा आमचा पडदा." तुम्ही म्हणायचात, "सोडतो व. इतकी काय घाई?"

चांगलं तेही सांगते. माझे वडील जळगावच्या दवाखान्यात होते तेव्हा तुमच्या असोद्याच्या घरून रोज डबा घेऊन तुम्ही आलात. मी नको नको म्हणत होते. वडील अहिराणी बोलणारे, तुम्ही असोद्याकडचं बोलणारे. दोघांचं कडाक्याचं भांडण शेवभाजीवरून, धुळ्याची खरी की जळगावची. वडील बरे होऊन घरी आले ते ह्या भांडणाच्या जोरावर, असं आई अजून म्हणते. थंडीत वहिनींनी केलेलं भरीत तुम्ही एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन पाठवायचात, वर फोन करून बजावायचात की कळण्याच्या भाकरीबरोबरच खा, पोळीबरोबर खाल तर पुढच्या वेळी मिळणार नाही. तुमचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मी नाकारत नाही. म्हणून तर हे इतकं लागलं. परक्याने केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

मी तुमच्याकडे मागितलं काय होतं? अख्खा सर्व्हर नव्हता मागितला. तुम्हालाच म्हणाले होते, "नाना, तुमचं राज्य तुम्हाला लखलाभ. फक्त धुळ्याच्या प्रिंटरची किल्ली द्या. रांग अडकली की आमची आम्ही सोडवू."

"ताई, तसं नाई होत," तुम्ही म्हणालात. "एक तं बठ्ठं द्या लागते, नाई तं काहीच नाई. आन् बठ्ठं दिलं तं शेठ माह्या मानेवर बसतीन."

"म्हणजे तुम्ही तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणार."

"हाकतो ना. शेळ्या काही तक्रार करून नाई राह्यल्या."

किती वेळा हे संभाषण झालं असेल! दर वेळी तुम्ही हसायचात, दर वेळी मी हरायचे. एकदा भुसावळच्या शाखाप्रमुखांना मी सहज विचारलं, तुमचं कसं चालतं हो? ते म्हणाले, आमचं आम्हीच काढतो की. मी लगेच तुम्हाला फोन लावला. तुम्ही क्षणभरही अडखळला नाहीत. "त्याइचं प्रिंटर नवं हाये ताई. तुमचं जुनं. त्याच्यात ती सोय नाई." मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? गाड्या मला कळतात, सर्व्हर तुम्हाला कळतो, अशी आपली वाटणीच होती. नव्या प्रिंटरसाठी मी शेठकडे अर्जही केला. तो आला, त्यावरही तीच रड. तुम्ही म्हणालात, कंपनी वेगळी आहे.

आणि मग ती मीटिंग. शेठच्या मनात धुळे, शिरपूर, नंदुरबार ह्या तीन शाखांचा मिळून एक विभाग करायचा होता आणि त्याला एक प्रमुख नेमायचा होता. माझं नाव पुढे होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्या दिवशी चांगली इस्त्रीची साडी नेसून जळगावला आले होते. तुम्ही दारातच म्हणालात, "ताई, आज पेढे." आत शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "ताई, तुमचा प्रिंटर अडकला तरी तुम्ही नानांना फोन करता. तीन शाखा कशा सांभाळाल?" सगळे हसले. मला वाटलं, ही थट्टा आहे, पुढे खरं बोलणं येईल. पुढे काही आलं नाही. शेठनी भाच्याचं नाव घेतलं आणि चहा मागवला.

मी तुमच्याकडे पाहिलं होतं. तुम्ही शेजारच्याच खुर्चीवर होतात. "शेठ, तो नियम सर्व्हरचा आहे, ताईंचा दोष नाही," एवढंच वाक्य मला तुमच्याकडून हवं होतं. तुम्ही बशीत चहा ओतत होतात.

नंतर मला सोडायला बसस्टँडवर आलात. केळीच्या वेफर्सची पिशवी माझ्या हातात कोंबलीत. म्हणालात, "शेठले माणूस वयखता येत नाई. मनाले लावून घेऊ नका. मी हाये ना." एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी खिडकीबाहेर बघत होते आणि स्वतःला समजावत होते की सगळे हसले, पण एक माणूस तरी आपला आहे. इतका राग मला त्या वेफर्सचा येतो म्हणून सांगू! मी ते घरी नेऊन सगळ्यांना वाटले. नानांनी दिले म्हणून सांगितलं.

भाचा आला. त्याला कोणता व्यापारी उधारी बुडवतो, कोणता ड्रायव्हर डिझेल विकतो, सगळं मीच शिकवलं. तरी मी तुम्हाला बोल लावला नाही. लावायचं काही कारणच माझ्याकडे नव्हतं.

तुम्ही गेलात त्या सकाळीही रांग अडकलेली होती. मी सवयीने फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला नाही, दुसऱ्याला नाही, आणि मग एक अनोळखी आवाज आला. मी म्हटलं, "नाना, अडकली हो परत." तो आवाज म्हणाला, "मी त्याइचा साला बोलतो. नाना नाई राह्यले." मी "बरं" म्हणाले. खरंच, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. बाहेर संजू उभा होता. त्याने विचारलं, "ताई, नाना काय म्हनतस?" मी सांगितल्यावर तो खुर्चीत बसून राहिला आणि म्हणाला, "आते कोनले फोन लावाना, ताई?" त्याला प्रिंटरचं विचारायचं नव्हतं, पण प्रश्न तोच होता.

स्मशानात मी आले होते. तुम्हाला काय माहीत असणार. मागे बायकांत उभी होते. तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसतं डोकं सुन्न होतं. वाटलं, घरी गेल्यावर रडू येईल. घरी गेल्यावर वाटलं, उद्या येईल.

मग शेठनी जळगावच्याच एका छोट्या कंपनीला सर्व्हर सांभाळायला दिला. तिथले महाजन म्हणून एक गृहस्थ, पन्नाशीचे, शांत. एके दिवशी दुपारी रांग अडकली म्हणून मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, तुम्ही स्वतःच काढा ना. शाखाप्रमुखांना परवानगी आहे." मी म्हटलं, "आमच्या प्रिंटरला ती सोय नाही." ते म्हणाले, "सोय प्रिंटरची नसते, ताई. ती सर्व्हरवर ठरवता येते. ज्याला जेवढं हवं तेवढं देता येतं. बघतो."

माझ्या पडद्यावर बाण फिरायला लागला. तो तुमचा बाण नव्हता, हा सरळ जायचा, कुठे रेंगाळायचा नाही. त्यांनी धुळ्याच्या प्रिंटरची खिडकी उघडली, सुरक्षेचं पान उघडलं. नावांची यादी आली. "हे बघा, शाखाप्रमुखांचा गट. ह्यांना प्रिंटर सांभाळायचा हक्क कधीचाच दिलेला आहे. तुम्हीही ह्या गटात आहात."

"मग मला का येत नाही?"

बाण यादीत खाली गेला. तिथे माझं एकटीचं नाव वेगळं लिहिलेलं होतं, पूर्ण नाव, आडनावासकट. आणि त्याच्यासमोर मनाईच्या रकान्यात टिक.

"मनाई असली की परवानगी चालत नाही," महाजन म्हणाले. "गटाने दिलेलं सगळं ह्या एका टिकमुळे बंद होतं."

"चुकून पडली असेल."

"नाव हाताने घालावं लागतं, ताई. आणि ही टिक केली की सर्व्हर विचारतो, अशी मनाई घालताय, पुढे जायचं का, म्हणून. कोणीतरी 'हो' म्हटलंय."

त्यांनी गोदामातला प्रिंटर उघडला. तिथेही मी. नव्या प्रिंटरवरही मी. भुसावळ, शिरपूर, नंदुरबार उघडून दाखवलं, कुठेही कुणाचं नाव असं वेगळं नाही. धुळ्यालाच, मलाच. महाजनांनी टिक काढली आणि म्हणाले, आता करून बघा. मी अडकलेल्या कागदावर गेले, तो काढला, आणि प्रिंटर कुरकुरत चालू झाला. इतकी वर्षं ज्यासाठी तुमच्याशी भांडले ते चहाच्या एका घोटात झालं. संजू टाळ्या वाजवायला लागला. मी त्याच्यावर खेकसले.

तरीही, नाना, मी तुमची बाजू घेतली. स्वतःशीच. म्हटलं, शेठनीच सांगितलं असेल, बाईमाणसाच्या हातात देऊ नका म्हणून, आणि नाना बिचारे मधल्यामध्ये. मला वाईट वाटू नये म्हणून प्रिंटरवर ढकललं असेल. बघा, किती केलं मी तुमच्यासाठी! एक अख्खी रात्र शेठना शिव्या घालण्यात घालवली.

दोन दिवसांनी शेठ धुळ्याला आले. भाच्याने स्वतःचा धंदा काढला, विभागाची जागा पुन्हा रिकामी झाली होती. शेठ माझ्या केबिनमध्ये बसले, तुमच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले. मग म्हणाले, "ताई, आता नाना नाहीत. आता तरी ती प्रिंटरची जबाबदारी घेणार का? की अजून नकोच?"

मला कळेना. "मी कधी नको म्हटलं?"

"नानांनीच सांगितलं होतं. मी तर सगळ्या शाखाप्रमुखांना द्या म्हणालो होतो. नाना म्हणाले, धुळ्याच्या ताई नको म्हणतात, त्यांना ही झंझट नको, त्यांचं मी बघतो. म्हणून तर त्या वेळी तुमचं नाव मागे पडलं. जो माणूस प्रिंटरची जबाबदारी नाकारतो त्याला विभाग कसा द्यायचा, तुम्हीच सांगा."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तुम्ही नुसतं मला अडवलं नव्हतं. माझ्या तोंडून न निघालेला शब्द माझ्या नावावर शेठकडे जमा केला होतात. आणि मीटिंगमध्ये सगळे हसले तेव्हा तुम्हाला माहीत होतं की मी कशाची किंमत मोजते आहे. टिक टाकलीत, ते एक वेळ मी गिळलं असतं. त्या दिवशी संध्याकाळी मला बसस्टँडवर सोडून परत खुर्चीवर जाऊन बसलात ना? तेव्हाही ती काढली नाहीत.

मी शेठना म्हणाले, "नाना खोटं बोलले."

शेठचा चेहरा बदलला. "गेलेल्या माणसावर ढकलू नका, ताई. शोभत नाही."

"मग ती टिक बघा. महाजनांना विचारा."

"महाजन बोललेत मला. तुम्ही नको म्हणालात म्हणून नानांनी टाकली असेल. त्यात खोटं काय?"

जो पुरावा मी छातीशी धरून बसले होते, तो माझ्यावरच उलटला. खरं काय ते सांगणारा साक्षीदार जगात एकच होता, आणि तो तुम्ही. शेठ उठले आणि जाता जाता म्हणाले, जळगावहून कोणीतरी पाठवावा लागेल असं दिसतंय. मागून संजू आत आला. त्याने बंद दारातूनही सगळं ऐकलं असणार. मी त्याला म्हणाले, "बिल्ट्या बघ जा."

म्हणून मी असोद्याला आले. वहिनींना भेटायला आले असं सगळ्यांना सांगितलं, पण भांडायला आले होते. माणूस मेल्यावर त्याच्याशी भांडायचं तर घरी जावं लागतं, दुसरं काय करणार! ओसरीवर वहिनी एकट्याच होत्या. आत तुमचा फोटो, हार. मी बसले, पाणी घेतलं आणि आडवळण न घेता विचारलं, "वहिनी, नानांनी मला प्रिंटरची परवानगी दिली नाही, आणि शेठना सांगितलं मीच नको म्हणाले. तुम्हाला काही माहीत आहे?"

वहिनी म्हणाल्या, "माहीत हाये."

आणि त्यांनी सांगितलं. पूर्वी सगळ्या शाखांचे फोन तुम्हालाच यायचे. जेवताना ताटावरून उठायचात, वैतागायचात, पण उठायचात. मग शेठच्या सांगण्यावरून तुम्ही सगळ्यांना परवानग्या दिल्या आणि फोन बंद झाले. तुम्ही पानावर बसून फोनकडे बघायचात. ऑफिसात कोणी विचारीना. "बठ्ठ्याइले देऊन टाकलं, म्हने. आता एक धुळंच राह्यलं." वहिनींनी म्हटलं, धुळ्यालेबी देऊन टाका, ती ताई किती मागते. "तं म्हने, ताईले दिलं तं मले फोन कोन करीन? एक तं राहू दे."

"आणि शेठना सांगितलं ते?"

"शेठनं इचारलं तं तोंडातून निंघून गेलं म्हने. मी लय बोलली व ताई. म्हनलं, लेकीसारख्या बाईच्या पोटावर पाय देता? तं म्हने, रिटायर व्हाच्या दिवशी काढून टाकीन, ताईले बठ्ठं सांगीन. एक वरीस राह्यलं व्हतं."

फोन हवा होता तर फोन मागायचा होता, नाना! मी केला असता. रोज केला असता, जेवायच्या आधी, जेवून झाल्यावर, शेवभाजीवरून भांडायला. त्यासाठी माझ्या गाड्या कशाला अडवल्यात? माझी जागा कशाला घालवलीत? माणूस एकटा पडतो, हे मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला? मला सांगून बघायचं होतंत. सांगायची लाज वाटली आणि टिक टाकायची नाही वाटली.

मी वहिनींना म्हणाले, "हे शेठना सांगाल?"

वहिनींनी आत फोटोकडे पाहिलं. "सांगतलं तं ह्याइचं नाव खराब होईन."

"हो," मी म्हणाले.

दुसरं कोणी असतं तर "राहू द्या वहिनी" म्हणालं असतं. ते म्हणायला हवं, हे मलाही कळत होतं. तुम्हाला जाऊन महिनाही झाला नव्हता, त्या बाईचे हात अजून ओकेबोके होते. मी म्हणाले नाही. तिथेच बसून राहिले. रागावलेली होते म्हणा, हट्टी होते म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "आन् नाई सांगतलं तं तुमचं खराब होते. ह्याइले आता नावाचं काय कराचं हाये? तुमाले अजून नोकरी कराची हाये." त्यांनी तुमचाच फोन आणला. त्यांना लावता येत नव्हता, मी शेठचा नंबर लावून दिला आणि आवाज मोठा केला.

"शेठ, मी नानांच्या घरून बोलते. धुळ्याच्या ताईनं कधी नको म्हनलं नव्हतं. ह्याईनच तुमाले खोटं सांगतलं. माह्यासमोर कबूल केलं व्हतं." एवढं एका दमात बोलल्या. मधे कुठे थांबल्या नाहीत, रडल्या नाहीत, तुमच्यासाठी सबब सांगितली नाही. त्या मीटिंगमध्ये तुम्हाला जे एक वाक्य जमलं नाही ते तुमच्या बायकोने ओसरीवर बसून बोलून टाकलं.

पलीकडून शेठ म्हणाले, "बरं, वहिनी. ताई तिथेच असतील तर त्यांना सांगा, सोमवारी जळगावला या. विभागाचं बोलायचं आहे."

वहिनींनी फोन बाजूला ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता रडा व ताई," त्या म्हणाल्या. "आल्यापासून आडवून धरलं हाये तुमी."

मग मी रडले, नाना. वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून, रस्त्यावरून जाणाऱ्यांची लाज सोडून, हुंदके देऊन रडले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. वहिनींना म्हणणार होते की हे नानांसाठी नाही, मला माझाच राग येतो आहे. पण ते खोटं झालं असतं, आणि आपल्या दोघांत खोटं बोलणारं एक माणूस पुरे झालं.